वीज उपसमितीचे निमंत्रक : कर्तव्ये, अधिकार (निरंक) व समोसे

प्रारंभ व व्याप्ती. ही मार्गदर्शिका औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजक संघटनेच्या वीज उपसमितीच्या निमंत्रकास लागू राहील. निमंत्रकाची निवड लोकशाही पद्धतीने होते. वार्षिक सभेत 'ते डिमांड चार्जेस म्हणजे नक्की कशाचे?' असे जो विचारतो त्याच्याकडे सगळे कौतुकाने बघतात, अध्यक्ष 'साहेबांचा अभ्यास दिसतोय' म्हणतात आणि टाळ्या पडतात. टाळ्या थांबेपर्यंत निवड झालेली असते. तिच्यावर हरकत घेण्याची मुदत टाळ्यांच्या आधीच संपते.

व्याख्या. संदर्भानुसार दुसरा अर्थ अभिप्रेत नसेल तर,

(अ) 'समिती' म्हणजे निमंत्रक व त्याचा मोबाइल;

(आ) 'कोरम' म्हणजे समोसे आल्यानंतरची उपस्थिती;

(इ) 'कार्यकारिणी' म्हणजे ज्यांच्यावाचून फोटो पुरा होत नाही अशी मंडळी;

(ई) 'स्प्रिंगवाले' म्हणजे स्प्रिंगवाले. आमच्या वसाहतीत माणसाला आडनाव नसते, धंदा असतो. फाउंड्रीवाले, पुठ्ठेवाले, गॅल्व्हनायझिंगवाले. स्प्रिंगवाल्यांची वर्गणी कायम थकलेली असते आणि ते दर सभेत मागच्या रांगेतून उठून 'पण संघटना नक्की करते काय?' हा एकच प्रश्न विचारतात. उत्तर ऐकायला थांबत नाहीत, कारण त्यांचे मशीन चालू असते. ही मार्गदर्शिका खरे म्हणजे त्यांच्याच नावाने लिहायला घेतली होती. छापताना मथळा बदलला.

अधिकारक्षेत्र. निमंत्रकाने एक गोष्ट पाठ करावी : विजेचा दर आयोग ठरवतो, वीज शुल्क सरकार ठरवते, आणि ट्रान्सफॉर्मर कधी बदलायचा ते सबडिव्हिजनचे साहेब ठरवतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला, २००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये जुन्या मंडळाच्या कंपन्या झाल्या. तरी आमच्या कार्यकारिणीचा पुष्पगुच्छ अजून मंत्रालयाचाच रस्ता धरतो. दरवाढ झाली की भेट, शाल, निवेदन, फोटो. मंत्रिमहोदय 'सकारात्मक' असतात. ते सकारात्मक नसल्याचा एकही फोटो आमच्या कार्यालयात नाही.

वास्तविक सरकारकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे. शुल्कात सवलत मागता येते. कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे अनुदान मागता येते. सरकारला कोणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर त्याने फरकाचे पैसे आगाऊ मोजावेत, असे ते कलम सांगते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांनी असे अनुदान पदरात पाडून घेतलेही. आमच्या निवेदनात मात्र 'दरवाढ तात्काळ रद्द करावी' एवढेच असते. ज्याच्या हातात जे नाही ते त्याच्याकडे मागितले, की न मिळाल्याचे कोणालाच वाईट वाटत नाही.

जाहीर नोटीस. दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज कंपनी वर्तमानपत्रांत नोटीस देते आणि हरकतींसाठी साधारण तीन आठवडे मिळतात. त्यांची वाटणी अशी करावी : पहिला आठवडा नोटीस कोणाच्याच नजरेस न पडण्यात, दुसरा 'एकदा बसायला पाहिजे' म्हणण्यात, तिसरा ग्रुपवर आलेले अंगठे मोजण्यात. उरलेल्या रात्री हरकत लिहावी.

प्रस्तावाचे वाचन. प्रस्ताव शेकडो पानांचा असतो. पहिल्या पानापासून वाचायला घेणारा निमंत्रक पुढच्या वर्षी सभेला दिसत नाही. पहिली पाने गोड असतात, औषध मागच्या तक्त्यांत असते. तिथे पुढील ठिकाणी पेन्सिल टेकवावी.

सरासरी वाढीची टक्केवारी कुठल्या पायावर काढली ते आधी बघावे. इंधन समायोजन आकार जुन्या दरात धरला की वाढ बारीक दिसते, वगळला की तीच अंगावर येते. मग 'ट्रू-अप' बघावे, म्हणजे मागच्या वर्षांचा मंजूर खर्च आणि झालेला खर्च यांतला फरक. तो आता वसूल व्हायचा, आणि वर त्याचे व्याज. मग शेतीपंप. बिनमीटरच्या पंपांनी किती वीज खाल्ली हे मोजता येत नाही, अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज फुगला की गळती आपोआप बारीक होते, हा उद्योगांचा वर्षानुवर्षांचा आक्षेप. यात शेतकऱ्याचा काही दोष नाही, त्याला रात्री-बेरात्री पाणी धरायला उठावे लागते ते लागतेच. आक्षेप हिशेबावर आहे आणि तो तसाच लिहावा, नाहीतर सुनावणीत शेतकरी संघटना आणि आपण एकमेकांशी भांडत बसतो आणि वीज कंपनीचे वकील चहाला जातात.

शेवटी क्रॉस सबसिडी. घराचा आणि शेतीचा दर खाली ठेवायला उद्योगाने किती जास्त द्यायचे? राष्ट्रीय दर धोरण म्हणते, कोणाचाही दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या वीस टक्के वर किंवा खाली, एवढ्या पट्ट्यात असावा. हे एक वाक्य हरकतीत आलेच पाहिजे. बाकी सगळे विसरले तरी चालेल.

मसुदा. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला एक मागणी. 'उद्योगांचे कंबरडे मोडले' हे वाक्य वर्ज्य. ते इतक्यांदा मोडले आहे की आयोगाला आता त्यात हाड सापडत नाही. 'उद्योग परराज्यात जातील' हेही जपून. कोल्हापूरकडच्या उद्योजकांनी एकेकाळी कर्नाटकात जायचा इशारा खरोखरच दिला होता, आणि त्यांना सीमा जवळ असल्याने तो शोभलाही. आमच्या वसाहतीतून सगळ्यात जवळची राज्यसीमा गाठायलाच डिझेल परवडत नाही. शिवाय शेड वडिलांच्या नावावर, भाऊ वाटणीला बसलेला. जाणार कोण?

'प्रत्यक्ष सुनावणीत म्हणणे मांडायचे आहे' हे अर्जात लिहायला विसरू नये. विसरल्यास दिवसभर श्रोता म्हणून बसता येते.

बिल-वाचन (अवांतर सेवा). निमंत्रकाला बिल वाचता येते ही बातमी फुटली की त्याच्या मोबाइलवर बिलांचे फोटो येऊ लागतात. फोटोत नेमका खालचा अर्धा भाग नसतो. यातली निम्मी दुखणी एकाच औषधाने बरी होतात, म्हणून ते इथे फुकट सांगतो. एप्रिल २०२० पासून उच्चदाबाच्या आणि वीस किलोवॅटवरच्या लघुदाबाच्या ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरसकट मोजलेल्या युनिटांवर, बिल येते. पूर्वी पॉवर फॅक्टर चांगला ठेवला की बक्षीस मिळे, म्हणून सगळ्यांनी कपॅसिटर बसवले आणि कायमचे चालू ठेवले. आता रविवारी मशीन बंद, कपॅसिटर चालू, पॉवर फॅक्टर दुसऱ्या बाजूला घसरतो आणि कारखाना झोपलेला असताना मीटर पळतो. शनिवारी संध्याकाळी वॉचमनला कपॅसिटरचा स्विच खाली ओढायला सांगा. शक्य असल्यास ऑटोमॅटिक पॅनेल घ्या.

हे ज्याला सांगाल त्याचे बिल कमी येईल. तो हे कोणाला सांगणार नाही. पुढच्या सभेत तो स्प्रिंगवाल्यांच्या प्रश्नाला मान डोलावताना दिसेल.

वेळेनुसार दराचेही तेच. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपयाची सूट वर्षानुवर्षे होती, म्हणून आमच्या फाउंड्रीवाल्यांनी सारे आयुष्य रात्रपाळीला भट्टी लावली. त्यांच्या मुलांना वडील जागे दिसायचे ते फक्त दिवाळीत. २०२५ च्या दर-आदेशात सवलत दिवसा, सौर विजेच्या तासांत गेली. सूर्य दिवसा असतो हे पटण्यासारखे आहे. भट्टीवरच्या माणसांना दिवसा कसे बोलवायचे, हा वेगळा मुद्दा. त्याला क्रमांक द्यावा, मागणी लिहावी.

निधी. नाही.

मोठे कारखाने. एक मेगावॅटच्या वरचे लोक खुल्या बाजारातून वीज घेऊ शकतात, आणि २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ती मर्यादा शंभर किलोवॅटवर आली. त्यामुळे मोठ्यांना दरवाढीचे तेवढे सोयरसुतक उरलेले नाही. ते समितीला शुभेच्छा देतात. शुभेच्छा स्वीकाराव्यात, पावती देऊ नये.

आकडे. आयोगापुढे तक्त्याला किंमत असते, तळतळाटाला नाही. आणि तक्त्यासाठी बिले मागितली की सभासदाला वाटते, निमंत्रक आयकर खात्यात रुजू झाला. वीज जाण्याबद्दल विचारावे तर :

'रोज दहादा लाईट जाते हो!'

किती वाजता?

'सारखीच जाते!'

मागच्या मंगळवारी?

'मंगळवारी तर विचारूच नका!'

एवढ्यावर प्रतिज्ञापत्र होत नाही.

अशाच एका बैठकीत, समोसे संपल्यावर, स्प्रिंगवाल्यांनी टेबलावर एक वही ठेवली. शाळेची, दोनशे पानी; कव्हरावर नातवाचे नाव आणि इयत्ता खोडलेली. आत पट्टीने आखलेले रकाने : तारीख, सकाळी आठचे केव्हीएएच, केडब्ल्यूएच, एमडी, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद. 'दु. २.१०. डिप, १ सेकंद. टेंपरिंगचा बेल्ट थांबला. आतला माल मऊ. ३७ पीस भंगार.' खालच्या ओळीत, '२.३५. परत. १२ पीस.' त्याखाली, 'सबस्टेशनला फोन केला. रिंग वाजते.'

'रिंग वाजते' हे पानोपानी होते.

ज्याने कधी कारखाना चालवला नाही त्याला एका सेकंदाचे काय एवढे, असे वाटेल. खंडित पुरवठ्याच्या सरकारी तक्त्यात हिशेब मिनिटांचा असतो, सेकंदाला तिथे जागा नाही. पण त्या सेकंदात काँटॅक्टर सुटतो, मोटर बसते, बेल्ट जिथल्या तिथे उभा राहतो आणि भट्टी तापलेलीच असते. परत चालू करेपर्यंत आतल्या स्प्रिंगा गरजेपेक्षा जास्त भाजून निघतात. दिसायला चांगल्या दिसतात. गिऱ्हाइकाकडे दाबून बघतात तेव्हा कळते.

ती वही बघून मी पहिल्यांदाच स्प्रिंगवाल्यांना स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. त्यांनी तो घेतला आणि संघटनेचा चहा पांचट असतो असे सांगितले.

सुनावणी. पुण्यातली सुनावणी कौन्सिल हॉलला असेल तर गाडी लावायचे टेन्शन आयोगापेक्षा मोठे, म्हणून रिक्षाने जावे. दोन बस भरून येणार असलेले सभासद एका इनोव्हात मावतात. आधी फलकवाले, मग घोषणावाले, मग ज्यांना टीव्हीच्या कॅमेऱ्याची वेळ गाठायची आहे ते. उद्योगांचा नंबर जेवणानंतर लागतो. तोपर्यंत आपण काय बोलणार होतो ते तिघांनी बोलून टाकलेले असते. घाबरू नये. 'मुद्दा क्रमांक चार, परिशिष्ट ब' म्हणावे आणि थेट तक्त्यावर यावे. पुढे आदेश निघतो तेव्हा त्यात आपला आक्षेप, त्यावर कंपनीचे उत्तर आणि खाली आयोगाचा निर्णय असे छापून येते. निर्णयाच्या जागी पुष्कळदा 'नोंद घेतली' एवढेच. शेवटच्या परिशिष्टात आपले नाव असते. स्पेलिंग तपासू नये.

आमच्या वेळी मी उठायच्या आत स्प्रिंगवाले उठले. हातात वही. त्यांनी कुठलेही कलम सांगितले नाही. एक आख्खा महिना तारीखवार वाचायला घेतला, 'रिंग वाजते'सकट. पहिल्या दोन-तीनदा मागे हशा पिकला, मग हॉल गप्प झाला. समोरून विचारणा झाली, 'हे सगळं तुम्ही स्वतः लिहून ठेवता?'

'छे हो साहेब, मी मशीनवर असतो. आमची मंडळी लिहितात. त्यांनाच मालाचा हिशेब द्यावा लागतो ना पार्टीला.'

कंपनीने त्या फीडरची नोंद सादर करावी असे सांगण्यात आले. आणि वही रेकॉर्डसाठी ठेवून जा, असेही.

'वही मिळायची नाही,' स्प्रिंगवाले म्हणाले. 'उद्या सकाळी आठला रीडिंग आहे.'

झेरॉक्सवर मिटले. सगळ्या वहीची, दोन्ही बाजूंनी, आयोगाला एक संच, कंपनीला एक आणि आम्हाला एक. बिल स्प्रिंगवाल्यांनी पुढच्या सभेत खजिनदारांपुढे ठेवले. वर्गणी थकलेल्या सभासदाला खर्चाची भरपाई देता येत नाही, असा संघटनेच्या घटनेत नियम आहे आणि खजिनदार घटनेचे पक्के. अर्धा तास चर्चा झाली. स्प्रिंगवाले मागच्या रांगेतून दोनदा उठले. शेवटी खजिनदारांनी व्हाउचर पुढे ओढले, झेरॉक्सचे पैसे समोशांच्या नावावर टाकले आणि निमंत्रकाची सही घेतली.