मूळ बँड कोणाचा?

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झीरो' हा अल्बम १५ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी आला. मधल्या पाच दिवसांत भाटघरला आमच्या घरात जी फूट पडली, तिचा मतदानाशी काडीचाही संबंध नव्हता. प्रचाराच्या गाड्या भोंगे लावून भोरच्या रस्त्याने जात. कार्यकर्ते खळ्यावर येऊन हात जोडत. माझे दोन्ही भाचे सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना "आपलंच आहे हो" असं एकमुखाने सांगून वाटेला लावत आणि परत एकमेकांवर तुटून पडत. प्रश्न असा होता, की या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन याच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग या बाईला उभं राहायचा हक्क आहे का?

थोरला भाचा शिरवळला कंपनीत आहे, धाकटा पुण्यात इंजिनिअरिंगला. दोघंही भात काढायला म्हणून सुट्टी टाकून आले होते. भात कोणी काढलं ते मी आणि अक्का जाणतो.

या भांडणाचं मूळ शोधत गेलं तर बोट माझ्याकडेच येतं. 'हायब्रिड थिअरी' आला २००० साली. त्या सुमारास मी पुण्यात शिकत होतो. एकजण जिवाच्या आकांताने ओरडतोय, दुसरा भरभर बोलतोय, तिसरा तबकडी खरवडतोय आणि या सगळ्याला मिळून न्यू मेटल म्हणतात, हे ज्ञान मला हॉस्टेलवर झालं. कॅसेट घेऊन मी गावी आलो. आमच्या वडिलांनी एक गाणं ऐकलं आणि "याला कुणी मारतंय का?" एवढंच विचारलं. थोरला भाचा तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला. त्याच्या कानावर पहिलं संगीत पडलं ते हे. पुढे 'गिव्हन अप' या गाण्यात चेस्टरने सतरा सेकंद एका दमात किंकाळी मारली, तेव्हा या पोराने धरणाच्या काठावर जाऊन ती मारून बघायचा प्रयत्न केला होता. सहाव्या सेकंदाला खोकला आला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी "काय झालं रं?" म्हणून ओरडलं.

२० जुलै २०१७ ला चेस्टर गेला. थोरला दोन दिवस जेवला नाही. धाकटा तेव्हा शाळकरी होता, त्याला दादा का रडतोय ते कळलं नाही, पण आपणही रडावं एवढं कळलं. त्यानंतर सात वर्षं बँडने कुणालाही चेस्टरच्या जागी उभं केलं नाही. आणि मग ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे आपल्याकडे हरितालिका उजाडत असताना, लॉस एंजेलिसमध्ये मंचावर 'डेड सारा' या बँडमधली एमिली उभी राहिली. नवा ढोलिया कॉलिन ब्रिटन, नवं बोधचिन्ह, नवं गाणं, आणि नवा अल्बम नोव्हेंबरात येतोय अशी दवंडी. घरात गणपतीची आरास चालली होती. मखराला थर्माकोल लावायचा की कागद यावर अक्का ओरडत होती आणि थोरला मोबाइलवर बघून "संपलं, सगळं संपलं" म्हणत होता. अक्काला वाटलं गोंद संपला.

तिच्याविरुद्धचा एक मुद्दा गंभीर आहे आणि त्यावर हसण्यासारखं काही नाही. डॅनी मास्टरसन या अभिनेत्यावर बलात्काराचा खटला चालला, त्यात अगदी सुरुवातीच्या एका सुनावणीला एमिली त्याच्या बाजूने हजर राहिली होती. २०२३ मध्ये तो दोषी ठरला. माणूस ओळखण्यात मी चुकले, त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही, असं तिने जाहीर सांगितलं. कुणाला ते पुरेसं वाटलं, कुणाला नाही. चेस्टरच्या मुलाने बँडवर उघड टीका केली. माझी तक्रार एवढीच, की थोरल्याने तिला आधी नापसंत केलं आणि हा मुद्दा त्याला दोन दिवसांनी सापडला. सापडल्यावर मात्र तो वकील झाला.

पौर्णिमेला अल्बम आला तेव्हा मळणी यंत्र चालू होतं. धाकट्याने ट्रॅक्टरच्या टपावर स्पीकर ठेवला आणि पूर्ण आवाजात लावलं. यंत्राची घरघर, पेंढ्याचा धुरळा, त्यात गिटार. यंत्र कुठलं आणि गिटार कुठली हे कळेना. एकदा धाकटा "आता बघा, आता ती काय वर जाते!" म्हणून हात वर करून थांबला आणि जो आवाज वर गेला तो पट्टा घसरल्याचा निघाला. यंत्रवाल्याने डिझेलचे पैसे वाढवून मागितले. पण थोरल्याचं मत तोवर झालं होतं. "ऐकलं. जमत नाही."

"दादा, अकरा गाणी आहेत. तू दोन ऐकलीस."

"भात शिजलं का ते एका शितावरून कळतं."

अकरा गाणी मिळून जेमतेम बत्तीस मिनिटांचा अल्बम आहे हा. भोरहून स्वारगेटच्या एसटीत बसलं तर पोचेपर्यंत तीनदा ऐकून होतो. तरी थोरल्याने तो महिनाभर अख्खा ऐकला नाही. ऐकला असता तर मत बदलायची भीती होती, असा माझा संशय आहे. अक्काने मात्र बसून सगळा ऐकला, तांदूळ निवडता निवडता, आणि निकाल दिला, "ही पोरगी बरी."

"तुला इंग्रजी कुठं कळतं?"

"नाही कळत. पण हिचं कळत नाही ते स्पष्ट ऐकू येतं."

मतदान तोंडावर आल्यामुळे असेल, वाद हळूहळू निवडणूक आयोगाच्या भाषेत होऊ लागला. महाराष्ट्रातल्या माणसाला मूळ कोण हा प्रश्न नवा नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण कुठल्या गटाचा याचा निकाल लागला, २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रवादीच्या घड्याळाचा. भोर तालुका बारामती लोकसभेत येतो, म्हणजे मे महिन्यात नणंद-भावजयीची लढत आम्ही दारातच बघितलेली. तेव्हा धाकट्याने सरळ बहुमताची चाचणी मांडली. मूळ सहा जण. चेस्टर नाही. ढोलिया रॉब बुर्डन नव्या मांडणीत आला नाही. उरले माइक शिनोडा, जो हान, डेव्ह फॅरेल आणि ब्रॅड डेल्सन. "सहापैकी चार इकडे. नाव आमचं."

"डेल्सन दौऱ्यावर जात नाही. तो तटस्थ धर."

"स्टुडिओत वाजवतो. व्हिप लागू होतो."

"पण चिन्ह बदललंय. चिन्ह बदललं तर नाव पण बदलायचं होतं."

यावर धाकट्याने जे काढलं ते ऐकून थोरला पहिल्यांदा गप्प झाला. १९९६ साली हा बँड सुरू झाला तेव्हा त्याचं नाव होतं 'झीरो', इंग्रजीत एक्सने लिहायचं. गायक होता मार्क वेकफील्ड. तो सोडून गेला आणि १९९९ मध्ये ॲरिझोनाचा एक पोरगा बदली म्हणून आला. आपल्या तेविसाव्या वाढदिवसाची पार्टी अर्ध्यावर टाकून त्याने त्यांच्या चालीवर गाऊन पाठवलं होतं. तो पोरगा चेस्टर. 'फ्रॉम झीरो' या नावात तो जुना झीरोही आहे.

"म्हणजे मूळ गायक वेकफील्ड," धाकटा म्हणाला. "त्याच्यासाठी कोण रडतंय?"

थोरल्याने खूप विचार करून उत्तर दिलं, "चेस्टर आला तेव्हा मी नव्हतो."

याला उत्तर नाही. मी तरी शोधलं नाही. कारण ओसरीवर बसून हे सगळं ऐकणारे आप्पा आता बोलायला लागले होते. आप्पा आमचे चुलते, वय पंच्याहत्तरच्या पुढे, कानाने थोडे अधू, त्यामुळे त्यांना या वादातलं फक्त एवढंच पोचलं होतं, की एका मोठ्या गवयाच्या जागी बाई आली आणि लोक बिथरले.

"मंग? बिथरनारच. गंधर्वाच्या टायमाला न्हाय झालं?"

आप्पांचे वडील मुंबईला गिरणीत होते. गिरगावात त्यांनी बालगंधर्व ऐकले होते, म्हणजे शेवटच्या दराच्या तिकिटावर, पार मागून. तेव्हापासून आमच्या भावकीत गंधर्व हा धर्म आहे आणि गोहरबाई हा त्या धर्मातला सैतान. १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी गंधर्व नाटक मंडळीत आल्या, नायिका त्या करू लागल्या आणि बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, पुरुषभूमिकांत उभे राहू लागले. ज्या रसिकांनी तीस वर्षं एका पुरुषाच्या अंगावरची नऊवारी डोळे भरून पाहिली, त्यांना खऱ्या बाईच्या अंगावरची नऊवारी सहन होईना. बाईच्या वेषातला बुवा चालतो आणि बाईच्या जागी बाई चालत नाही, एवढी गंमत त्या काळी कुणाच्या लक्षात आली की नाही कोण जाणे. कंपनी गोहरने बुडवली असंही बोललं जाई. कर्ज तिच्या येण्याच्या कितीतरी आधीपासून डोक्यावर होतं, पण कर्जाला शिव्या देऊन समाधान होत नाही. पुढे १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं, तेव्हा तर उरलेसुरले भक्तही रुसले.

"पण आप्पा, तुम्ही गोहरबाई ऐकलीय का?"

"म्या कशाला ऐकू? बापानं सांगितलंय की."

"आणि गंधर्व?"

"ते बापानं ऐकल्यात."

आमच्याकडे बांधाचं भांडण असंच असतं. मूळ बांध कुठे होता हे बघितलेला एकही माणूस हयात नसतो, पण भांडण सातबाऱ्याबरोबर पोरांच्या नावावर चढतं. मला राहवलं नाही. मोबाइलवर गोहरबाईंचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि काही न सांगता आप्पांच्या कानाशी धरलं. गंधर्वांची गायकी त्या बाईने ऐकून ऐकून अशी मुरवली होती, की तान घेण्याची ढब, शब्द लाडाने सोडण्याची रीत, सगळं त्याच घरातलं. आप्पांनी डोळे मिटले. मान डोलू लागली. "वा! गंधर्व त्यो गंधर्वच. असा गळा पुन्ना व्हनार न्हाय."

मी सांगितलं, "आप्पा, ही गोहर."

आप्पा क्षणभर थांबले. मला वाटलं, आता तीन पिढ्यांचं वैर मिटतंय.

"बगा!" आप्पा गरजले. "चोरलाच का न्हाय तिनं त्याचा गळा? बाप खोटं बोलत न्हवता."

थोरल्याने आप्पांचे पाय धरले. आपल्या बाजूचा खंदा माणूस मिळाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावेना. एमिली चेस्टरची जुनी गाणी म्हणते तेव्हा तोही हेच म्हणतो, नक्कल करते. ती नवी गाणी वेगळ्या गळ्याने म्हणते तेव्हा म्हणतो, हा चेस्टर नाही. बाईने कसं गावं म्हणजे चालेल हे मी दोघांनाही विचारलं. आप्पा म्हणाले, "गाऊच नये." थोरला इतका पुढारलेला, की म्हणाला, "गावं, पण दुसऱ्या बँडमध्ये."

मी आप्पांना भाऊराव कोल्हटकर सांगून पाहिले. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव, स्त्रीभूमिकांचा राजा, १९०१ मध्ये गेले. नारायण राजहंस नावाचा मुलगा १९०५ मध्ये त्या कंपनीत आला तेव्हा भाऊराव ऐकलेल्या म्हाताऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल का लगेच? "कोन भाऊराव?" आप्पा म्हणाले. विषय संपला.

आता हे सगळं भाटघरला बसून चाललं होतं, याचं मला जास्त हसू येत होतं. समोर जे धरण दिसतं ते तरी मूळ कुठे आहे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी वेळवंडीवर इथे एक धरण बांधलं. ते अपुरं पडायला लागल्यावर १९२० च्या दशकात मोठं लॉइड धरण उभं राहिलं आणि जुनं त्याच्या पाण्याखाली गेलं. पुढे लॉइडचं नाव जाऊन सरकारदरबारी येसाजी कंक जलाशय झालं. तीन नावं, दोन धरणं, आणि पाणी डाव्या-उजव्या कालव्याने बारामती-फलटणकडे. साडेतेवीस टीएमसी भरलं तरी उन्हाळ्यात आमच्या बायका हंडे घेऊन उभ्या. एवढं होऊनही "जुन्या धरणाची सर नाही बुवा या धरणाला" असं म्हणत कट्ट्यावर रडणारा माणूस मी अख्ख्या तालुक्यात पाहिलेला नाही. पाण्याच्या बाबतीत आम्ही व्यवहारी. गाण्यात मात्र एकजात जमीनदार.

स्वतःचं मत सांगायचं तर अल्बम चांगला आहे. 'द एम्प्टिनेस मशीन' मध्ये माइक आधी सरळ गात येतो आणि ती मागून दार ढकलून आत शिरते, तिथे मला वीस वर्षांपूर्वीचं हॉस्टेल आठवलं, अगदी कॉटच्या ढेकणांसकट. 'हेवी इज द क्राउन' मध्ये तीही लांबलचक किंकाळी मारते. शेवटची एक-दोन गाणी जुन्या साच्यातून काढल्यासारखी वाटली. हे मी घरात बोललो नाही. खळ्यावर तटस्थ माणसाला दोन्हीकडून पेंढ्या बसतात.

भात घरात आलं, पोरं आपापल्या गावी गेली, आमदार निवडून आला. वाद फोनवर चालू राहिला. मग २०२५ मध्ये बातमी आली, की २०२६ च्या जानेवारीत लोलापलूझाच्या निमित्ताने लिंकिन पार्क मुंबईत, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येणार. धाकटा तिकीट काढायला पैसे जमवत होता, मित्रांकडून उसने, अक्काकडून पुस्तकांच्या नावाखाली. जमले तेव्हा त्याने दादाला फोन केला, चिडवायला. दादाने आपलं तिकीट कधीच काढलं होतं, आणि तेही महागातलं, पुढच्या बाजूचं.

"विरोध नोंदवायला जातोय," थोरला मला म्हणाला. "मागे उभं राहून विरोध केला तर तिला दिसणार कसा? तिची नवी गाणी चालू असताना मी हाताची घडी घालून उभा राहणार."

"आणि जुनी?"

"जुनी चेस्टरची. ती म्हणणार. पण तिच्याबरोबर नाही, तिच्याआधी अर्धा शब्द."

कंपनीत शनिवार-रविवारचीही पाळी असते, त्यामुळे रजा टाकावी लागणार होती. अर्जात कारण काय लिहिलंस, मी विचारलं.

"देवकार्य."

"कुठल्या देवाचं, ते विचारा मामा!" मागून धाकट्याचा आवाज आला. दोघं एकाच खोलीत बसून, एकाच गाडीने मुंबईला जायचं ठरवत होते.