परदेशी एलएल.एम.चा अर्ज : व्याख्या, व्याप्ती आणि तारखा

एलएल.एम. ही कायद्याची पदव्युत्तर पदवी होय. तिच्या नावातले दोन 'एल' ही छपाईतली चूक नव्हे. लॅटिनमध्ये अनेकवचनाचा संक्षेप करताना अक्षर दोनदा लिहितात, म्हणून हा 'कायद्याचा' नव्हे, 'कायद्यांचा' निष्णात. हा खुलासा प्रत्येक अर्जदार ओळखीतल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवतो, कोणी विचारलेले नसले तरी. ऑक्सफर्डमध्ये याच पातळीच्या पदवीला बी.सी.एल., म्हणजे बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ म्हणतात. साता समुद्रांपलीकडे जाऊन, घरचे लाखो रुपये घालून पुन्हा 'बॅचलर'च होऊन येणे ही गोष्ट मुलीकडच्यांना पटवून देणे जड जाते.

अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी वर्षभराचा. परत आल्यावर सनद तीच, काळा कोट तोच, आणि पदवी पाहून कोणी जवळची तारीख देत नाही. तरीही अर्ज होतात. ज्ञान आणि संधी ही त्याची दोन सांगण्याजोगी कारणे. तिसरे कारण म्हणजे पाटीवर पदवीपुढे कंसात लिहायचे परदेशी गाव. त्यासाठी अर्जात रकाना नसतो.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून पुढे एकच नमुना घेतला आहे : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात सहा वर्षे वकिली केलेला अर्जदार. त्याची जन्मतारीख, चष्म्याचा नंबर आणि कर्जाचा हप्ता प्रस्तुत लेखकाशी जुळतो. यापलीकडे दोघांचा संबंध जोडू नये. खंबाटकी घाटात मळमळते म्हणून एस.टी.त खिडकीची जागा धरणारा हा इसम फॉर्म उघडल्याक्षणी 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' झाला. त्याने ही बातमी बाररूममध्ये सहज बोलता बोलता, एकूण चार वेळा सांगितली.

अर्जाची पहिली पायरी म्हणजे स्वतःचे नाव. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. परदेशी संगणक पहिल्याला नाव आणि शेवटच्याला आडनाव समजतो. परिणामी एका विद्यापीठाचा सगळा पत्रव्यवहार अर्जदाराच्या आईशी, सुमनताईंशी, अत्यंत आदराने चालू राहिला आणि पहिला नकारही त्यांनाच आला. उपाय म्हणून 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. अशी प्रतिज्ञापत्रे अर्जदाराने पक्षकारांना डझनाने करून दिली होती. स्वतःचे करताना ते किती महाग असते हे त्याला पहिल्यांदा कळले.

दुसरी पायरी ट्रान्सक्रिप्टची. म्हणजे सर्व सत्रांचे गुण एका कागदावर, सही-शिक्क्यासह, सीलबंद लिफाफ्यात. यासाठी विद्यापीठात जी खिडकी असते ती जेवणाच्या सुट्टीआधी बंद होते आणि सुट्टीनंतर उघडत नाही. चलन एका इमारतीत, शिक्का दुसऱ्या इमारतीत, आणि लिफाफा अर्जदाराने आणायचा. सात आठवडे लागले. या विलंबाबद्दल अर्जदार जिकडेतिकडे करवादत असताना त्याला कॉर्नेलिया सोराबजी यांची हकीकत वाचायला मिळाली, आणि ती वाचायला नको होती असे त्याला वाटले. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या या बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला मिळणारी विलायतेची शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे नाकारली गेली. हितचिंतकांनी वर्गणी काढून त्यांना ऑक्सफर्डला पाठवले. १८९२मध्ये त्यांनी बी.सी.एल.ची परीक्षा दिली, अशी परीक्षा देणारी पहिली स्त्री म्हणून. पदवी मात्र १९२२मध्ये हाती आली, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदव्या द्यायला लागले तेच मुळी १९२० साली. सात आठवड्यांची तक्रार अर्जदाराने त्यानंतर फक्त घरच्यांजवळ केली.

तिसरी पायरी इंग्रजी येत असल्याचा पुरावा. संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी. अर्जदार त्यामुळे इंग्रजीत शिकला आणि मराठीत भांडला. आयईएलटीएस या परीक्षेत ९पैकी गुण असतात आणि बरी कायदा विद्यालये ७.५च्या आसपास मागतात. तोंडी भागात एक चिठ्ठी देऊन एक मिनिट विचार करू देतात आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचे असते. वकिलाला बोलायला अडचण नव्हती. एका मिनिटात तयारी करणे हा अनुभव मात्र नवा होता. सवयीने त्याच्या तोंडी मुदतीचा अर्ज येत होता.

चौथी पायरी उद्देशपत्राची. रोज दुसऱ्यांचे अर्ज लिहिणाऱ्याला स्वतःचा अर्ज जमू नये हे या प्रकरणातले मुख्य वैद्यकीय लक्षण होय. पहिल्या मसुद्यात परिच्छेदांना क्रमांक होते आणि शेवट 'येणेप्रमाणे विनंती अर्ज असे' याच्या इंग्रजी अवताराने झाला होता. दुसऱ्या मसुद्यात अर्जदाराला बालपणापासून अन्यायाची चीड होती. वस्तुस्थिती अशी की बारावीच्या गुणांत इंजिनीअरिंग बसले नाही.

शिफारसपत्र हा विषयाचा गाभा असल्याने त्याचा विचार विस्ताराने करणे भाग आहे. अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या त्रयस्थाने लिहिलेले गोपनीय मत म्हणजे शिफारसपत्र, अशी परदेशी विद्यापीठांची समजूत आहे. कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे आंबेडकरांची शिफारस केली ती याच अर्थाने. तो मजकूर आंबेडकरांनी स्वतः लिहून नेला असेल असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. एतद्देशीय पद्धतीत मात्र पत्र अर्जदार लिहितो आणि त्रयस्थ सही करतो. नमुन्यातल्या अर्जदाराचे सिनियर म्हणाले, "अरे, तूच लिहून आण की. मला कुठाय वेळ? सही काय, ठोकतो."

अशी पत्रे तीन लागत होती. तिन्ही एकाच हातची वाटू नयेत म्हणून अर्जदाराने सिनियरना करारी, प्राध्यापकांना विद्वान आणि एका निवृत्त न्यायाधीशांना मितभाषी केले. मितभाषी न्यायाधीशांचे पत्र सर्वांत लांब झाले. 'असाधारण' हा शब्द तिघांनाही स्वतंत्रपणे सुचला, आणि तिघांनी त्याचे स्पेलिंग एकाच जागी चुकवले. पत्रासोबत एक तक्ताही असतो : आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांत हा वरच्या एक टक्क्यात बसतो, पाच टक्क्यांत की दहा? अर्जदाराने विनयाने पाचवर खूण केली. रात्री झोप लागेना. आपल्या विनयामुळे सिनियर साहेबांच्या पारखीला कमीपणा येतो असे वाटून त्याने उठून ती एकवर नेली. दोष लिहायच्या जागी तो 'प्रमाणाबाहेर कष्ट करतो' असे नमूद झाले.

यात एक कायदेशीर मुद्दाही आहे. अमेरिकेतल्या १९७४च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला शिक्षणसंस्थेकडची स्वतःबद्दलची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारस मोकळेपणी लिहिली जावी म्हणून अर्जदाराने हा हक्क सोडावा, अशी तिथली अपेक्षा. अर्जदाराने स्वतः लिहिलेले, स्वतः टाइप केलेले आणि साहेबांच्या ईमेलमधून स्वतःच पाठवायचे पत्र आपण कधीही पाहणार नाही, असे गंभीरपणे लिहून दिले. साहेबांचा पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर होता.

इथे एक अनपेक्षित घटना घडली. साहेबांनी पत्र वाचले. लाल पेन काढून 'असाधारण' खोडले, 'कुशाग्र' खोडले, एक टक्क्याची खूण दहावर आणली. मग खाली आपल्या किरट्या अक्षरात दोन ओळी इंग्रजीत घातल्या. त्यांचा आशय असा : वाटपाच्या दाव्यातल्या एका म्हातारीकडे फी द्यायला पैसे नव्हते, चार वर्षांत याने तिची एकही तारीख चुकवली नाही. अर्जदाराने ही बाब कुठेच लिहिली नव्हती. समाजकार्याच्या मथळ्याखाली त्याने एका दिवसाच्या कायदेविषयक शिबिराचा उल्लेख केला होता, कारण त्याचा फोटो होता.

"हे टाइप करून पाठव," साहेब म्हणाले, "आणि पुढच्या वेळी माझ्या नावाने इतकं गोड लिहू नकोस. कोणाचा विश्वास बसणार नाही."

पाचवी पायरी पैशाची. अमेरिकेतल्या आघाडीच्या विद्यालयांची वर्षाची फी ७० हजार डॉलरच्या पुढे असते, म्हणून नमुन्यातला अर्जदार तत्त्वतः इंग्लंडच्या बाजूचा झाला. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांनाही अटी असतात. चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याने नंतर दोन वर्षे मायदेशी राहायचे असते. बडोद्याने आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंड दिले तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानच्या नोकरीचा करार होता. १८९२ सालच्या जे. एन. टाटा एन्डोमेंटची मदत कर्जाऊ असते. अर्जदाराला एका ब्रिटिश विद्यापीठाने प्रवेश आणि थोडी सवलत दिली. उरलेल्याचा भार घरावर आला.

ब्रिटिश व्हिसाचा नियम असा की उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी. एक दिवसही ती खाली जाता कामा नये. खाते आईवडिलांचे चालते, जन्माचा दाखला आणि संमतिपत्र जोडून. वडिलांनी एस.टी.तून निवृत्त होताना मिळालेल्या पैशाची ठेव मोडली, जमीन तारण ठेवून मिळालेले कर्ज त्यात घातले आणि पहारा सुरू केला. त्या महिन्यात मागच्या खोलीचे पत्रे गळत होते. पत्र्यांना हात लावला तर शिल्लक कमी झाली असती, म्हणून घमेले ठेवले गेले. "सोळा सोमवार परवडले," आई म्हणाली, "त्यात मधे सहा दिवस तरी सुट्टी असते." वडील रोज संध्याकाळी एवढेच विचारत, "आज कितवा रे?" अर्जदार आकडा सांगे आणि पाटीवरच्या कंसाचा विचार करणे त्या वेळेपुरते टाळी. सव्विसाव्या दिवशी बँकेने एसएमएसचे वीस रुपये कापले. वडिलांनी पहारा सुरू करण्याआधीच पाचशे जास्तीचे भरून ठेवले होते.

शेवटची पायरी कामे सोपवण्याची. दुसरा वकील नेमण्यासाठी पहिल्याने वकीलपत्रावर ना हरकत द्यावी लागते. आपण गेल्याने तालुका न्यायालयाचे कसे होणार ही चिंता अर्जदाराला होती. बाररूमने चहा दिला आणि त्याची खुर्ची कोणाला यावर मतदान घेतले. एक्केचाळीस फायली तीन ज्युनियर्समध्ये वाटल्या गेल्या. वाटपाच्या दाव्यातली म्हातारी सर्वांत शेवटी आली. अर्जदाराने तिला लंडन, शिष्यवृत्ती, दोन 'एल' असे सगळे समजावून सांगितले. तिने नव्या वकिलाच्या कागदावर अंगठा उठवला, बोट पदराला पुसले आणि विचारले, "मग पुढची तारीख कवाची?"

ती १४ ऑक्टोबर होती. अर्जदाराचे विमान सप्टेंबरच्या २०ला होते.