फॅन डायरेक्ट केलाय

गॅरेजमध्ये वस्तू बिघडत नाहीत, जातात. थर्मोस्टॅट जातो, पंप जातो, गॅस्केट जातं. मिस्त्री बॉनेटखालून डोकं बाहेर काढतो, कळकट फडक्याला हात पुसतो आणि आवाज उतरवून म्हणतो, "काका, पंप गेला." आपणही नकळत हात जोडून उभे राहतो. कशाने गेला, आधी काही लक्षणं होती का, हे विचारायचं भान राहत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "वय झालं होतं की." गेल्या आठ महिन्यांत आमच्याकडे अशा चार बातम्या आल्या. चारही वेळा दिवसकार्याचा खर्च आमच्याकडे लागला आणि गाडी होती तशी तापत राहिली.

तक्रार एका ओळीची होती. सपाटीला गाडी शहाण्यासारखी चालते, चढ लागला की तिचा काटा लाल रेघेकडे सरकतो. आमचे गॅरेजमालक शिस्तीचे गृहस्थ. तोंडी कारभार नाही. पुठ्ठ्याला चिमटा, चिमट्यात पिवळं जॉब कार्ड, कार्डावर तीन रकाने : तक्रार, केलेलं काम, टेस्टिंग. दसऱ्याच्या आधी त्यांनी पहिल्या रकान्यात माझ्यादेखत लिहिलं, "गाडी गरम होते." अक्षर मोत्यासारखं. मी निर्धास्त घरी आलो. चांगलं अक्षर असलेल्या माणसावर आमच्या पिढीचा अजून विश्वास आहे.

संध्याकाळी दुसऱ्या रकान्यात "थर्मोस्टॅट काढला" आणि तिसऱ्यात "ओके" असं होतं. नवा कुठला बसवला, असं मी विचारलं. मिस्त्री हसला. "बसवायचा कशाला? आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतच नाही. तो थंड देशातल्या लोकांसाठी." आता, थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचं एक दार. इंजिन साधारण ऐंशी-नव्वद अंशांना तापलं की ते उघडतं, तोवर बंद राहून इंजिनाला लवकर ऊब येऊ देतं. ते काढून टाकलं की सकाळी इंजिनाला ऊब यायला वेळ लागतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. पण ज्या देशात कंपनीच्या इंजिनिअरांनी विचार करून बसवलेली वस्तू उपटून टाकण्यालाच कारागिरी म्हणतात, तिथे मी काय बोलणार? बिल 3,850 रुपये. त्यात "थर्मोस्टॅट काढणे" 600 आणि "कूलंट 4 लिटर" 1,400. हे कूलंट लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

दुसऱ्या खेपेला फॅन डायरेक्ट झाला. "डायरेक्ट" या शब्दाची गोडी गाडीवाल्यांनाच कळेल. रेडिएटरचा फॅन कधी लागावा आणि कधी थांबावा हे सेन्सर आणि रिले मिळून ठरवतात. त्या दोघांना बाजूला सारून फॅनची वायर थेट किल्लीला जोडायची, म्हणजे डायरेक्ट. मधले दलाल हटवून शेतकरी ते ग्राहक भाजी विकावी तसा हा सरळ व्यवहार. किल्ली फिरवली की घरघर सुरू, बंद केली की बंद. डिसेंबरच्या पहाटे मी गाडी काढायचो तेव्हा सोसायटीत पिठाची गिरणी लागल्याचा भास व्हायचा. एका आजींनी तर बाल्कनीतून दळणाचा भाव विचारला. बिल 4,200, आणि गंमत म्हणजे ज्यांना बाजूला सारलं ते सेन्सर आणि रिलेही त्यात नवे लावलेले होते. डायरेक्ट केल्यावर ते कशाला? "असू द्या काका, लागले तर."

फेब्रुवारीत पंप गेला. सोबत बेल्टही सती गेला. 9,700. तिन्ही वेळा तिसऱ्या रकान्यात "ओके". या ओकेचा उगम शोधायला मी एकदा ट्रायलला शेजारी बसलो. मिस्त्री गाडी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत घेऊन गेला. रस्ता कॅरमच्या बोर्डासारखा सपाट. तिथे त्याने एक कटिंग घेतला, मलाही पाजला, पैसे मीच दिले, आणि आम्ही परत आलो. "बघा, काटा हलला का?" नव्हता हलला. चहा पिताना गाडी बंद होती.

मे महिन्यात आईला घेऊन वाईला मावशीकडे निघालो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा. येताना बोगदा होता, जाताना नव्हता, त्यामुळे ज्याची गाडी तापायची त्याची जातानाच तापायची. दुसऱ्या वळणावर काटा उठला, चौथ्यावर बॉनेटच्या कडांमधून वाफ निघाली. मागे आई पायांत आंब्याची पेटी धरून बसली होती. ती खिडकीतून डोकावून म्हणाली, "थांबव रे. एवढ्या वाफेवर मोदक होतील."

गाडी कडेला घेतली. खालून पाण्याची धार रस्त्यावर आली, उताराने वाहत गेली. मी वाकून पाहिलं. पाणी नितळ. अगदी धोम धरणातून आत्ताच सोडल्यासारखं. कूलंट हिरवं असतं, गुलाबी असतं, निळंही मिळतं. रंग देतात तो गळती दिसावी आणि पाणी वाटून कुणी पिऊ नये म्हणून. माझं 1,400 रुपयांचं कूलंट मात्र रंगरूप सोडून निर्गुण निराकार झालं होतं. मग आठवलं, गॅरेजच्या दाराशी बोअरिंगच्या पाण्याचा एक हिरवा पाइप कायम पडलेला असतो. म्हणजे हिरवा रंग होता, फक्त पाइपाला होता.

घाटात गाड्यांना पाणी घालणारा एक मेकॅनिक भेटला. त्याने कुठलाही पार्ट गेल्याचं जाहीर केलं नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबला आणि रेडिएटरच्या जाळीवर, वैद्याने पोट तपासावं तसा तळहात फिरवला. मग माझा हात धरून तिथे टेकवला. डावीकडे चटका बसला. उजवीकडे जाळी माठासारखी गार. "अर्धा रेडिएटर चोक आहे. क्षार बसलाय. पाणी फिरतच नाही तर पंप काय करणार आणि फॅन काय करणार? पुण्याला गेल्यावर बदलून घ्या, चार-साडेचार हजारांत होईल." एवढं बोलून त्याने तो प्रश्न विचारला, जो जगातला प्रत्येक मेकॅनिक, दातांचा डॉक्टर आणि न्हावी विचारतो : "आधी कुणाकडे दाखवत होता?"

थांबत, पाणी घालत वाई गाठली, दोन दिवसांनी परत आलो आणि थेट गॅरेजात गेलो. मालकांनी शांतपणे उलटतपासणी घेतली.

"एसी लावला होता?"

"लावला होता."

"हं. माणसं किती?"

"तीन."

"सामान?"

"आंब्याची पेटी."

मालकांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने मालकांकडे पाहिलं. पेटी सापडल्यावर खटल्यात राहिलं काय?

मी नितळ पाण्याचा पुरावा मांडला. "उकळल्यावर रंग उडतो," मालक म्हणाले. मी घाटातल्या माणसाचं निदान सांगितलं. ते मात्र त्यांना लागलं. "रस्त्यावरच्या माणसाचं ऐकता? आम्ही तीस वर्षं लाइनमध्ये आहोत." मग मिस्त्रीने ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आतून फिक्या कॉफीसारखा फेस. पाणी ऑइलात शिरलं होतं. "हेड गॅस्केट गेलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतंच, पण शेवटी रोग सापडल्याचा आनंदही होता. गाडी वारंवार तापल्याने गॅस्केट गेलं, हे मलाही मान्य होतं. माझा प्रश्न एवढाच, की ती वारंवार तापू दिली कोणी?

"घाटाने," मालक म्हणाले.

हेड उतरलं. ते लेथवर गेलं. हेड लेथवर जाणं म्हणजे साहेब मीटिंगमध्ये असणं, परत कधी येतील हे कुणीच सांगू शकत नाही. अकरा दिवसांनी आलं. बिल 23,600. रेडिएटर तोच. "तो तुम्ही लिहून दिलाच नव्हता." खरं आहे. मी फक्त गाडी गरम होते असं लिहून दिलं होतं. कारण मी शोधून आणायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

या वेळी मी अट घातली की ट्रायल चहाच्या टपरीपर्यंत नाही, कात्रजच्या जुन्या घाटात. मिस्त्री नाखुशीने निघाला. अर्ध्या चढावर काटा उठला. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी बोट दाखवलं. त्याने काट्याकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाला, "काका, मीटर गेलाय."

तेवढ्यात वाफ आली. ती मीटरमधून येत नव्हती.

मी पैसे द्यायला नकार दिला, त्यांनी गाडी द्यायला. मग मी कायदा उघडला. 1872 सालच्या भारतीय करार कायद्यात 170 वं कलम आहे. कारागिराने वस्तूवर मेहनत घेतली असेल तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवायचा त्याला हक्क आहे. दाखले दोन आहेत. एक, जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेला हिरा. दुसरा, शिंप्याकडे शिवायला दिलेला कोट. मोटारीचा नाही, कारण बेंझच्या गाडीचं पेटंट 1886 सालचं, तेव्हा तिला अजून 14 वर्षं अवकाश होता. पण कलमात एक मेख आहे. काम ज्या हेतूने सोपवलं त्या हेतूप्रमाणे झालेलं असलं पाहिजे. हिऱ्याला पैलू पडले तर हिरा अडवा. इथे हिरा दिला आणि त्याला उकळी फुटत होती. मी हे मालकांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं काय, आम्ही शिंपी?"

ग्राहक चळवळीचं पुण्याला अगत्य फार. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत काढली ती इथेच. आता तर 2019 चा नवा कायदा आहे. सदोष सेवेची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, मोजलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, वकीलही लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. फक्त त्या वाक्याची रचना नीट वाचावी. निकाल "शक्य तितक्या लवकर" लागावा आणि या मुदतीत लावण्याचा "प्रयत्न" व्हावा. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आठ महिने मी याच भाषेत जगत होतो.

पुराव्यासाठी मी घाटातल्या मेकॅनिकला फोन केला. रेडिएटर चोक होता, एवढं दोन ओळींत लिहून द्या. तोंडी त्याने चार मिनिटं माझ्या गॅरेजवाल्याचा उद्धार केला, त्यातलं काही छापता येणार नाही. लिहायचं म्हटल्यावर गप्प झाला. "लिहून नको काका. लाइनमधल्या माणसाविरुद्ध कागद देत नसतात." डॉक्टरांचं ऐकून होतो, हे नवीन.

शेवटचा बाण म्हणून मी मालकांना सांगितलं की ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करतो. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा माया दिसली. "लावा की. चांगलं काम करतात ते. आमचा फ्रिज दोन वेळा रिपेअर करून बंद पडला तेव्हा मीच लावला होता. लूट आहे हो सगळीकडे." मग ते फ्रिजवाल्यावर इतकं पोटतिडकीने बोलले, की शेवटी मीच त्यांना पाणी दिलं. आमच्या गाडीवाल्याला हे ऐकवायला हवं, असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, तो समोरच बसला आहे.

फ्रिजनंतर तडजोड सोपी गेली. त्यांनी मजुरी आणि लेथ सोडलं, मी पार्ट्सचे 11,000 दिले. गाडी घाटातल्या त्या माणसाकडे न्यायची ठरवून मी किल्ली मागितली. मालक ती आणायला आत गेले. टेबलावर आमचं जॉब कार्ड पडलं होतं, चिमट्यात. "गाडी गरम होते" ही ओळ मोत्यासारख्या अक्षरात चार वेळा, आणि पुढे थर्मोस्टॅट, फॅन, पंप, हेड. चारही ओके. त्याखाली आजची तारीख घालून मिस्त्रीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात नवी नोंद होती.

तक्रार : कस्टमर गरम होतो.

केलेलं काम : चहा दिला.

टेस्टिंग : ओके.