मोरपिसाचा हट्ट

पँटोग्राफ समोर ठेवून रजई शिवू पाहणाऱ्या नवशिक्याच्या मनोवृत्तीचा अभ्यास केल्यास एक नियम जवळजवळ अपवादाविना आढळतो : हात जितका कच्चा, तितकी नक्षी अवघड निवडली जाते. पँटोग्राफ म्हणजे लांब कागदी पट्टीवर छापलेली, कोठेही न तुटणारी एका रेषेची नक्षी. लाँगआर्म म्हणजे दहा-बारा फुटी सांगाड्यावर बसवलेले, रुळांवरून चारी दिशांना सरकणारे, लांब मानेचे शिलाई यंत्र. वरचे कापड, मधला कापूस आणि खालचे अस्तर असे तीन थर सांगाड्यावर ताणून धरलेले असतात आणि घरगुती यंत्रात कापड सुईखालून सरकते, तसे न होता येथे सुईच कापडावरून हिंडते. शिवणारी व्यक्ती यंत्राच्या मागल्या अंगाला उभी राहून लेसरचा लाल ठिपका कागदावरील रेषेवरून फिरवते, आणि कागदावर तिने जी वाट धरली तीच वाट पुढल्या अंगाला सुई धरते. यातील मेख अशी की, शिवणाऱ्याला त्या वेळी कागद दिसतो, शिवण दिसत नाही. स्वतःविषयी चांगले मत टिकवून ठेवण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था मानवी बुद्धीने क्वचितच निर्माण केली असेल.

या यंत्राला पुढेही जागा लागते आणि मागेही, त्यामुळे नाशिकच्या गंगापूर रोडवरील मध्यमवर्गीय सदनिकेत ते आणायचे म्हटले तर दिवाणखान्यातून सोफा, टीपॉय आणि पाहुणे या तिन्हींना बाहेर काढावे लागते, आणि पाहुण्यांबाबत घरात एकमत झाले तरी सोफ्याबाबत होत नाही. परिणामी येथील विद्या प्रामुख्याने कागद-पेन्सिलीवर चालते. ज्यांच्याजवळ नक्षींचा संग्रह मोठा, मते ठाम आणि यंत्र मात्र नाही, अशा अभ्यासकांच्या वर्गात प्रस्तुत लेखिकेची गणना करावी लागेल, आणि यंत्रच नसल्याने तिचे कौशल्य आजवर कोणालाही खोडून काढता आलेले नाही, ही बाब ती स्वतः विशेष अभिमानाने नोंदवते. सरावाची शास्त्रशुद्ध रीत अशी आहे की, नक्षी आधी नुसत्या बोटाने गिरवावी, मग पेन्सिल न उचलता पुनःपुन्हा काढावी, म्हणजे रेषेची वाट डोक्यातून उतरून खांद्यात बसते. नजर ठिपक्यावर न खिळवता त्याच्या किंचित पुढे ठेवावी, आणि मनगट न वळवता कमरेपासून सगळे अंग वळणाबरोबर झुलू द्यावे. या शेवटच्या अटीचे पालन जेवणाच्या टेबलाकडेने चालू असता घरातील वडीलधाऱ्यांनी कंबरदुखीचे मलम न मागता आणून ठेवले, यावरून सरावाची तीव्रता लक्षात यावी.

आता निवडीकडे वळायचे, तर नवशिक्याने सैल नागमोडी लाट किंवा साधी वेलांटी घ्यावी, यावर जाणकारांचे दुमत नाही. लाटेत एखादे वळण फुगले, एखादे दबले, तरी ते मुद्दाम केल्यासारखे भासते. उलट सरळ रेषा आणि पूर्ण वर्तुळ या दिसायला बालवाडीतल्या आकृती असूनही शिवायला अत्यंत निर्दय असतात, कारण रेषा सरळ कशी असते आणि वर्तुळ गोल कसे असते हे पाहणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. पिसांची नक्षी याहून कठीण. तिच्यात मधला दांडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या पाकळ्या असतात, प्रत्येक पाकळी संपवून पुढच्या पाकळीकडे जाताना सुईला अनेकदा आधीच्याच टाक्यांवरून परतावे लागते, आणि परतीची वाट दोराभर जरी ढळली तरी तेथे दुहेरी रेघ उमटते. हे सर्व नीट वाचून, त्याखाली पेन्सिलीने खूण करून, नंतर प्रस्तुत लेखिकेने पिसांचीच नक्षी निवडली. तिचा युक्तिवाद असा की, येवला नाशिक जिल्ह्यात आहे, येवल्याच्या पैठणीवर मोर आहे, सबब मोरपीस हा जिल्ह्यातील रहिवाशांचा जन्मसिद्ध हक्क आहे. पैठणीवरील मोर विणण्यासाठी विणकर महिनोन्‌महिने मागावर बसतो, हा तपशील या युक्तिवादात बसत नसल्याने वगळण्यात आला.

येथे पँटोग्राफच्या इतिहासात थोडे शिरणे आवश्यक आहे. आवश्यक नसते तरी ते टाळले गेले नसतेच. मूळ पँटोग्राफ क्रिस्टोफ शायनर या जर्मन जेझुइट पंडिताने १६०३ च्या सुमारास बनवला आणि १६३१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून समांतरभुज चौकोन करायचा, एका टोकाने मूळ चित्र गिरवायचे, म्हणजे दुसऱ्या टोकाला लावलेली पेन्सिल तेच चित्र लहान किंवा मोठे करून काढते, असे हे साधन होते. सूर्यावरील डाग आधी कोणी पाहिले यावरून गॅलिलिओशी हुज्जत घातली ती याच शायनरने. दुसऱ्याची रेषा जशीच्या तशी उतरवणाऱ्या यंत्राच्या जनकाने ‘पहिला मीच’ म्हणून भांडावे, यात नक्कल करणाऱ्या सर्वांनाच काहीसा दिलासा आहे. तथापि नाशिककराला पँटोग्राफ म्हटले की शायनर आठवत नाही, विजेच्या इंजिनाच्या टपावरील सांधेदार दांड्यांची ती उघडमीट होणारी चौकट आठवते. मुंबईकडील तारांत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि पुढच्या मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, अशी व्यवस्था होती तेव्हा इगतपुरीला इंजिन बदलले जाई, आणि कसारा घाट चढून आलेली गाडी तेथे थांबली की चहाचा पेला हाती घेऊन फलाटावर उभे राहणाऱ्या प्रवाशांना एक पँटोग्राफ मिटताना आणि दुसरा उघडताना पाहायला मिळे. या विषयात आणखी एक गोष्ट अशी आहे की जी सांगितल्यावाचून पुढे जाणे अशक्य आहे. रुळांवरील ती तार सरळ ओढलेली नसतेच. ती सरळ असती तर पँटोग्राफच्या माथ्यावरची कार्बनची पट्टी एकाच जागी घासून तिला खाच पडली असती. म्हणून सरळ मार्गावरसुद्धा तार खांबाखांबाला मध्यरेषेच्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सुमारे २० सेंटीमीटरपर्यंत खेचलेली असते, आणि गाडी धावू लागली की पँटोग्राफ नागमोडी तारेखालून पट्टीभर घासत जातो. याचा अर्थ असा की, रेल्वेने पँटोग्राफसाठी नागमोडी नक्षी केव्हाच निवडलेली आहे आणि इगतपुरी ते मनमाड हा सगळा पट्टा त्याच नक्षीखाली उभा आहे. फक्त नाशिकच्या अभ्यासिकेला मान वर करून ती पाहण्याचे सुचले नाही, कारण तिची नजर मोरावर होती.

नजर वर न गेल्याची एक वेळ क्षमा करता येईल, पण ती खालीही गेली नाही. निफाडकडे हिवाळ्यात पारा अनेकदा पाच अंशांखाली उतरतो, आणि अशा थंडीत या जिल्ह्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्या पांघरुणात निजली ती गोधडी पँटोग्राफवर शिवलेली नव्हती. जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक अंथरून, कडेला वजने ठेवून, आधी कच्च्या टाक्यांनी थर पक्के केले जातात. मग बाहेरच्या काठापासून धावदोरा सुरू होतो आणि एक फेरा पुरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा, असे चौकोनात चौकोन शिवत बाई मध्यापर्यंत पोहोचते. अंतर मोजायला पट्टी नसते, आधीची ओळ हीच पुढच्या ओळीची नक्षी असते. तर्जनीला चिंधी गुंडाळलेली, सुईवर एका दमात चार-पाच टाके भरलेले, मग दोरा खांद्याच्या उंचीपर्यंत ओढून घेतलेला. आणि शिवण सबंध वेळ डोळ्यांसमोर. परदेशी पुस्तकांत आधीच्या रेषेचा प्रतिध्वनी म्हणून जी पद्धत प्रगत धड्यांत येते, तिची येथे कोणी शिकवणी लावली नाही आणि तिला कोणी छापील कागदही काढला नाही.

या ठिकाणी विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. शहरात ‘गोधडी शिवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात, आणि त्या पाटीखाली बसलेल्या बाईशी बोलणारा ग्राहक नक्षीच्या कागदासाठी छापील किंमत निमूटपणे मोजणाऱ्या नवशिक्यांपैकीच असतो. पण येथे त्याला घासाघीस सुचते, ‘साड्या तर आमच्याच आहेत’ हे वाक्य सुचते, आणि शेवटी ओळ जरा तिरकी गेल्याचेही दिसते. तीच तिरकी ओळ प्रदर्शनात काचेमागे गेली की तिला हस्तकला म्हणतात. बाई मात्र ग्राहकाला एकच गोष्ट विचारते : ‘ताई, वर कोणती घालू आणि पोटात कोणती?’ वर ठेवायला धड रंगाची साडी असते, त्यामुळे तो प्रश्न सोपा असतो. पोटात जाते ते नेसण्याजोगे न उरलेले आणि टाकवत नाही असे लुगडे, जे यापुढे कोणाला दिसणार नाही, हे शिवणारीलाही माहीत असते. तरी ते अंथरताना त्याची प्रत्येक चुणी ती तळहाताने काढते. लेखिकेच्या संग्रहातील एकाही पँटोग्राफवर या कामाची सूचना छापलेली नाही.

तेव्हा नवशिक्यांनी पहिली नक्षी म्हणून लाट घ्यावी, दोरा कापडाच्या रंगाशी मिळता घ्यावा म्हणजे ढळलेली वाट झाकली जाते, आणि मोर येवल्याच्या विणकरांकडे सोपवावा. प्रस्तुत लेखिकाही हे करील, फक्त हातातील पिसांचा कागद तेवढा पुरा होऊ द्यावा. ज्यांना गोधडी शिवायला द्यायची आहे त्यांनी साड्या आधी धुऊन, फॉल उसवून, विसरलेल्या टाचण्या काढून द्याव्यात, कारण फॉलच्या दुहेरी जाडीवर सुई अडते. सिंथेटिक साडी सुती थरांच्या मध्ये घालावी, वर घातली की ती निसटते. आणि मजुरी ठरवताना दोऱ्याचे पैसे वेगळे धरावेत.