वाईट वाटणे टाळण्याची सोपी रीत : हिंगोली जिल्ह्यासाठी सुधारित आवृत्ती

दुःख, लाज, भीती यांना थारा द्यायचा नसेल तर पहिला नियम असा, की कुणी ‘कसं काय?’ विचारलं की ‘निवांत’ म्हणावं. पीक गेलेलं असो, हप्ता थकलेला असो, उत्तर बदलू नये. ‘वाईट वाटतंय’ हे तर चुकूनही बोलू नये. ‘पित्त झालंय’ म्हणावं. पित्ताला गोळी मिळते आणि सोयरेधायरे पुढचं काही विचारत नाहीत.

दुसरी युक्ती हळदीच्या बाजारात शिकावी. आठ-नऊ महिने जमिनीत वाढवलेली, काढून शिजवलेली, वाळवून पॉलिश केलेली हळद यार्डात ढीग करून पडलेली असते. व्यापारी मूठभर हळकुंडं उचलतो, एक मोडून आतला रंग बघतो आणि मनातल्या भावापेक्षा बराच खालचा आकडा बोलतो. अशा वेळी जाणकार शेतकरी मान वळवतो, मोबाइल काढतो आणि न आलेला फोन उचलतो. ‘हां, बोला भाऊ!’ डोळ्यांतलं पाणी झाकलं जातं. संध्याकाळी तेच पोरावर ओरडून बाहेर पडतं, पण तो भाग या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

तिसरी : विचारच करू नये. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं होतं. आलाच, तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. वर नंतर अस्वलाचा विचार करायची मोकळीक मिळाली, तेव्हा आधी मन दाबून बसलेल्यांना ते जास्तच आठवलं. अभ्यास कमी पडला असावा.

नर्सीच्या नामदेवांचं उदाहरण मात्र इच्छुकांनी अजिबात गिरवू नये. कथा अशी, की गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, तेही मुक्ताबाईंसमोर. नामदेव दुखावले, तडक विठोबाकडे गेले. इथवर सगळं आपल्या रीतीनेच चाललं होतं. पण विठोबाने ‘जाऊ दे रे’ म्हणायची संधी दवडली आणि त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडलं. तिथे गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! म्हणजे अपमानाची जखम ओली असतानाच दुसरा धक्का. नामदेव तरीही माघारी फिरले नाहीत. पुढे त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. एवढा व्याप कुणाला हवाय?

खरा अडथळा सरकारी आहे. राज्याने २०१५ साली शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाच्या १४ जिल्ह्यांत हिंगोलीही होतं. त्यातली आशाताई अंगणात येऊन बसते, झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारते आणि ‘निवांत’ या उत्तरावर उठत नाही. शिवाय २०२२ पासून ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही ऐकून घेतात. लिहून ठेवायचाच, तर गोठ्याच्या भिंतीवर ढोरांच्या डॉक्टरच्या नंबराशेजारी लिहावा. तो शोधायला घरात कुणाला लाज वाटत नाही.