आमच्या बागेखाली राहिलेल्या आपल्या ठेव्याविषयी

माननीय ठेकेदारसाहेबांस,



आपण बांधलेल्या इमारतीत, तळमजल्यावर, मागच्या अंगणासह आम्ही राहायला आलो त्याला आता तीन वर्षे होतील. घर उत्तम आहे. भिंतीत ओल नाही, दारे फुगत नाहीत. हे आधी मोकळ्या मनाने सांगते, कारण पुढचे सगळे त्या दहा बाय चौदा फुटांच्या अंगणाबद्दल आहे. माहितीपत्रकात आपण त्याला ‘खासगी बाग’ म्हटले होते.

पहिल्या जूनमध्ये मी तिथे मोगरा लावला. वाईच्या घरी आईच्या विहिरीजवळ तो चाळीस वर्षे फुलत होता, त्याच्या फांदीचे रोप. गणपतीपर्यंत त्याची शेंड्याकडची पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी पाणी वाढवले, मग कमी केले, शेणखत घातले. शेवटी एका जाणत्या माळीदादांनी मूठभर मातीवर व्हिनेगर ओतायला सांगितले. माती सोड्यासारखी फसफसली. चुना आणि सिमेंट मिसळलेल्या मातीत लोह असले तरी मुळांना घेता येत नाही, आणि जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे सरकत नाही, म्हणून आधी कोवळे पान पिवळे पडते. हे शिक्षण मला आपल्यामुळे मिळाले. आपले आभार मानते. फी मोगऱ्याने भरली, एवढे मात्र नोंदवून ठेवते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खणायला घेतले. बाग नव्याने मांडायला तीन हजार रुपये ठरवले होते. चार इंच मुरूम निघाला आणि त्याखाली आपला राडारोडा लागला. कुदळ वाजायची, पहार वाकायची. दोन दिवसांनी हात सोलवटले तेव्हा एका दिवसासाठी मजूर लावला, त्याचे 800 रुपये झाले.

विटांबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. वापरण्याजोगे दोनशे सहा तुकडे निघाले. ते कोरडेच, तीन थरांत रचून दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद वाफा केला, कुंपणाच्या भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे भिंतीला ओल लागायला नको. विकत घ्यायच्या म्हटल्या असत्या तर ठरवलेले पैसे तिथेच संपले असते.

फरशीच्या तुकड्यांचेही तसेच. धारा दगडावर घासून, मुरुमात बसवून त्यांची पाऊलवाट केली. सळयांचे तुकडे, वायरी आणि रंगाचे तीन डबे यांचे भंगारवाल्याने 340 रुपये दिले. सिमेंटची अकरा रिकामी पोती निघाली, जमिनीत घट्ट दाबलेली, त्यांतून पाणीसुद्धा खाली उतरत नव्हते. त्यांचे काय करावे ते मला समजले नाही. ती झटकून, घडी घालून ठेवली आहेत. आपली वस्तू आहे, कधीही घेऊन जावी.

साहेब, मला एकच गोष्ट खणून सापडली नाही. माती.

या जागेवर पूर्वी ज्वारीचे शेत होते, हे गावातले लोक सांगतात. म्हणजे वर काळी माती होती. पाया खणताना ती ट्रॉल्या भरून गेली. जी इंचभर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, ती चार दिवसांत गेली, आणि तिच्या जागी चुन्या-सिमेंटचा कचरा पुरून वर मुरूम पसरला गेला. 2016 च्या नियमांप्रमाणे राडारोडा वेगळा साठवून ठरलेल्या केंद्रावर पोचवायची जबाबदारी तो करणाऱ्याची होती. आपल्या माणसांना ते ठाऊक असणारच. माझ्या अंगणात तो पोचवणे सोपे गेले असावे. याचा मला राग आहे, आणि पत्रात गोड शब्द लिहिले तरी तो कमी होत नाही.

माती मग आम्ही केली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून हेच शिकवले होते, की पालापाचोळा हाताशी असेल तर माती घडवता येते. सोसायटीतला पाचोळा झाडूवाल्या मावशींनी जाळायचा थांबवून आम्हाला दिला. रसवंतीवाल्याने उसाची चिपाडे फुकट दिली. ती कच्ची घातली तर मुंग्या येतात, म्हणून चार महिने कुजवली. तीन पोती शेणखत, कोकोपीटची एक वीट, दोन किलो निंबोळी पेंड, चिमूट-चिमूट हिराकस. जूनमध्ये वाफा भरला. कढीपत्ता, गवती चहा, ओवा शेजाऱ्यांकडून आले, आणि चार बांबूंवर गोकर्ण चढली. सगळे मिळून 2,380 रुपये लागले.

मोगरा वाचला नाही. वाईहून दुसरी फांदी आणली आहे. तिला आता सात पाने आहेत, सातही हिरवी.

मजुराचे 800, त्यातून भंगाराचे 340 वजा जाता 460 रुपये आपल्याकडे निघतात. ते मला नकोत. त्याऐवजी एक विनंती आहे आणि ती आजच मान्य व्हावी.

आमच्या समोरच्या मोकळ्या जागेवर आपल्या नव्या कामाचा फलक लागला आहे. काल संध्याकाळी जेसीबी येऊन उभा राहिला. तिथे अजून गवत आहे, आघाडा आहे, सकाळी टिटव्या उतरतात. उद्या चालकाला एवढेच सांगावे, की वरची वीतभर माती आधी काढ, कोपऱ्यात ढीग कर आणि ताडपत्रीने झाक. इमारत उभी राहिली की तळमजल्यांच्या अंगणांत ती पसरता येईल. ताडपत्री नसेल तर माझ्याकडे एक आहे. मी सकाळी सातला तिथे घेऊन येते.

आपली कृपाभिलाषी,
तळमजल्यावरची रहिवासी