जाळ तुमच्या चिरंजीवांचा

नेपरव्हिल, इलिनॉय
१२ जुलै

ती. आत्या आणि ती. मामांना सा. नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण फोनवर तुमच्या नातीनं "बाबांनी अंगण पेटवलं" असं सांगितलं आणि लगेच मामांनी अक्कलकोटच्या स्वामींना नारळ बोलला, असं कानावर आलंय. अंगण पेटलं नाही. घरही जागेवर आहे. पेटले ते चाप, आणि थोड्याफार चिरंजीवांच्या भुवया. त्या येतील परत. नारळ फोडायचाच असेल तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या नावानं फोडा. का, ते पुढे सांगते.

चार जुलै हा इथला स्वातंत्र्यदिन. सकाळी मिरवणूक, रात्री फटाके, आणि मधल्या वेळात मागच्या अंगणात मांस भाजायचं. हे भाजणं पुरुषांनीच करायचं, असा इथला अलिखित दंडक आहे. वर्षभर चहाचं आधणसुद्धा न ठेवणारा गृहस्थ त्या दिवशी ॲप्रन बांधून हातभर लांब चिमटा फिरवत उभा राहतो. चिरंजीवांनी अमेरिकेतलं बाकी काही इतक्या मनापासून उचललेलं नाही.

आमचं ग्रिल म्हणजे तीन पायांचं काळं गोल भांडं, वर तसंच गोल झाकण. हा शोध आमच्या शिकागोकडचाच. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे. तिथल्या जॉर्ज स्टीफननं १९५२ साली असा एक बोया मधोमध कापला, अर्ध्यात कोळसे घातले आणि उरलेल्या अर्ध्याचं झाकण केलं. सगळी करामत त्या झाकणात. आणि आमच्याकडे ते झाकण कुंपणाला टेकवून ठेवलेलं! विचारलं, तर म्हणे, "झाकलं तर लोकांना दिसणार काय?"

आता मटणाचं ऐका. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर बोकडाचं मटण मिळतं, पण जाळीवर ते चिवट होतं म्हणून यांनी कोकराचे चाप आणले. आपल्या माळावर हिंडून काटक झालेलं जनावर वेगळं आणि इथलं बसून खाऊन वाढलेलं कोकरू वेगळं. एकेका चापाच्या कडेला बोटभर जाड चरबी. त्याला दही, आलं-लसूण, तुम्ही पाठवलेलं काळं तिखट, इथवर ठीक. वर वाटीभर करडईचं तेल! मी म्हटलं, एवढं तेल कशाला? तर "आत तू बघ, बाहेर मी बघतो." म्हणून मी आत गेले आणि खिडकीतून बघत बसले.

जाळ कसा होतो, ते शेजारच्या म्हाताऱ्यानं मला नंतर नीट सांगितलं. मांस पेटत नाही. तेल आणि वितळलेली चरबी थेंब थेंब निखाऱ्यांवर पडते, तिची तिथल्या तिथे वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. त्या जाळानं वरची चरबी आणखी वितळते, आणखी गळते, की जाळ आणखी मोठा. यांनी सगळ्या भांड्यात कोळसे पसरलेले आणि सगळी जाळी चापांनी भरलेली. पळायला चापांनाही जागा नाही आणि यांनाही नाही. पहिला भडका उठला तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला मोबाईल निघाले. तिसऱ्याला सगळे मागे सरकले आणि चिरंजीव बागेचा पाण्याचा पाइप घेऊन धावले.

पेटत्या चरबीवर पाणी! आत्या, तुम्ही कढईतल्या तेलाजवळ ओला हातसुद्धा नेऊ देत नाही. फस्सकन वाफ उठली, चरबीचे जळते शिंतोडे उडाले, आणि सगळी राख चापांवर. भुवया गेल्या त्या इथंच. तेवढ्यात शेजारचा म्हातारा कुंपणाच्या फाटकातून सावकाश आला, झाकण उचललं, बाजूनं अलगद ठेवलं, वरची आणि खालची भोकं बंद केली. हवा तुटली, जाळ बसला. एक शब्द बोलला नाही. चिरंजीव मात्र संध्याकाळपर्यंत वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलत होते.

मला राग जाळाचा नाही आला. राग याचा आला, की हा माणूस निंबर्ग्याचा आहे. पौषात शेतावर हुरड्याची आगटी लावायची, तेव्हा गोवऱ्यांचा जाळ पुरता विझून आर पडेपर्यंत मामा कणसाला हात लावू देत नसत. कुणी घाई केली तर आधी कानाला हात. ती शिस्त विमानात कुठे सांडली कोण जाणे! कोळशालाही तेच लागतं. वरून राखेचा थर धरेपर्यंत थांबायचं आणि मग सगळे निखारे एका बाजूला ओढायचे. निखाऱ्यांवर चाप दोन्ही अंगांनी लाल करायचे, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण घालायचं. भडका उठलाच तर पाणी नाही, मांस बाजूला.

परवा रविवारी मी तसंच केलं. कडेची चरबी कापून बारीक रेघेएवढी ठेवली. तेल चमचाभर, तेही मसाल्यापुरतं, आणि चाप जाळीवर टाकण्याआधी अंगावरचं जादा दही निपटून काढलं. एका पाहुण्यानं बाटलीतला गोड सॉस आणला होता. तो अगदी शेवटी लावला, कारण साखर मांसाच्या आधी करपते. म्हाताऱ्यानं मांसात खुपसायचा थर्मामीटर भेट दिलाय. कोकराचे अखंड तुकडे ६३ अंशांना उतरवून तीन मिनिटं तसेच ठेवायचे, कोंबडी मात्र ७४ अंश. म्हणजे आपल्या निंबर्ग्याच्या मे महिन्यापेक्षा तीसेक अंश जास्त. तुम्ही बोटानं दाबून सांगता, ते मला अजून जमत नाही.

पुण्याच्या भाऊजींनी गच्चीवर गॅसचं ग्रिल आणलंय म्हणे. त्यांना कळवा, गॅसचं झाकण लावून भागत नाही, खालून गॅस येतच राहतो. आधी बटण बंद करायचं. आणि खालचा चरबीचा ट्रे दर वेळी धुवायचा. मागच्या महिन्याची चरबीही तितक्याच उत्साहानं पेटते. छोट्या आगीवर खायचा सोडा टाकला तर चालतो, पीठ अजिबात नाही. आणि ग्रिल भिंतीपासून लांब. आपलं घर दगडमातीचं, वर माळवद, त्याला काय होतंय! इथली घरं लाकडाची आणि बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या. त्या आचेनंच वितळतात. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक भिंत तशी लोंबलेली आहे.

मामांचा निरोप मिळाला, की जाळीवर शहाबादी फरशी टाका, म्हणजे थेंब गळायलाच नको. कल्पना हैदराबादच्या पत्थर के गोश्तची आहे, आणि चांगली आहे. पण तिथं ग्रॅनाइट वापरतात. शहाबादी थरांची, तापली की तडकून उडेल. चिरंजीवांच्या कानावर मात्र हे घालू नका. भुवया अजून आलेल्या नाहीत आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेला पुन्हा वीस माणसं बोलावून बसलेत.

कापून काढलेली चरबी डबाभर फ्रीझरमध्ये आहे, टाकवत नाही. तुम्ही कंदुरीनंतर कढवून ठेवायचा, तशी ठेवू का? मंद आचेवर किती वेळ लागतो, आणि वास घरात किती दिवस राहतो, ते कळवा. इथं खिडक्या उघडल्या की शेजारी फायर ब्रिगेडला फोन करतात, आणि आमचा नंबर आता त्यांच्या ओळखीचा आहे.

तुमची सून